आपले सर तसे नाहीत

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड कळत नाही.

अंधेरीच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. ऑनलाइन वर्गांच्या काळात बोरिवलीच्या घरात बसून त्या काळ्या चौकोनांशी बोलायचा मला भयंकर कंटाळा यायचा. पलीकडे कुणी आहे की नाही, कसं कळणार? मग मी शक्कल लढवली. आदल्या दिवशी तास रेकॉर्ड करून ठेवायचा आणि सकाळी कॅमेरा बंद करून तोच लावून द्यायचा. खरं वाटावं म्हणून रेकॉर्ड करताना मध्येच विचारायचो, "काही शंका?" जरा थांबायचो. मग — "नाही? छान. पुढे जाऊ या." कुणाला संशय आला नाही. माझ्या हुशारीवर मी खूश होतो, खोटं कशाला बोलू?

त्या सकाळी तास लावून दिला आणि मासळीबाजारात गेलो. बोंबील ताजे होते. कोळणीशी घासाघीस करत बराच वेळ रमलो.

दुपारी, ॲपवर आपोआप झालेलं त्या वर्गाचं रेकॉर्डिंग मुलांना पाठवण्याआधी सहज ऐकलं. त्यात स्नेहल होती. माहुलची, वर्गात क्वचितच तोंड उघडणारी. तिचे वडील हॉस्पिटलात होते, हे मला माहीत होतं. माझ्या "काही शंका?" नंतर तिचा आवाज आला, "सर, मी जाऊ का? आत्ताच फोन आला... पप्पा गेले."

आणि मी म्हणालो, "नाही? छान. पुढे जाऊ या."

"सर, ऐकताय ना?" ती रडत होती. मी मागणी आणि पुरवठा समजावत होतो.

मग मी काय केलं असेल? तिला फोन? नाही — तेवढा तुकडा कापला आणि उरलेलं पाठवून दिलं.

काही दिवसांनी तिचाच फोन आला. गैरहजेरीबद्दल माफी मागायला. माफी — तिने! मी म्हणालो, "अगं, त्या दिवशी माझा स्पीकर बंद पडला होता. मला काही ऐकूच आलं नाही गं."

"वाटलंच मला, सर. पोरं बोलत होती, सरांनी मुद्दाम लक्ष दिलं नाही. मी भांडले ना त्यांच्याशी. म्हटलं, आपले सर तसे नाहीत."

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी फक्त "काळजी घे" म्हणालो.

आता ती नोकरी करते. कुठे भेटली तर भर रस्त्यात वाकून पाया पडते — आणि मी पडू देतो.

स्पीकर चालू होता, स्नेहल. मीच घरात नव्हतो.