गाळलेलं बरोबरीचं चिन्ह

मी गणिताचा. पुण्यात एम.एस्सी. करून तमिळ मुलखात, सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो तेव्हा वाटायचं, चिन्ह कागदावर असो की कोडमध्ये, अर्थ तोच. ही समजूत मला महागात पडली, असं लिहिणार होतो. खोटं आहे. ती दुसऱ्याच कुणाला महागात पडली.

ओरगडमच्या एका कारखान्याचं काम होतं. ट्रकच्या केबिनचा रंग वाळवायची भट्टी. तापमान एकशेऐंशी अंशांना पोचलं की गॅस बंद व्हायला हवा. मी कोडमधल्या त्या अटीत नुसतं 'पेक्षा मोठं'चं चिन्ह टाकलं, बरोबरीचं जोडलं नाही.

कोडच्या तपासणीला माझ्याहून वयाने मोठ्या एक बाई होत्या, तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालायचं. आम्ही पुण्याकडचे त्यांच्या मागे नक्कल करायचो. कोड वाचायच्या बैठकीत त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"सार, बराबर एकशेऐंशी झालं तर?"

"मॅडम, बरोबर एकशेऐंशी कधी होतच नाही. रेषेवरच्या एका बिंदूला लांबी किती? शून्य!"

"रेषेचं असेल हो. भट्टीचं काय?"

सगळे हसले. टिपणं मी घेत होतो. त्यांचा प्रश्न लिहिलाच नाही.

कागदावर माझं खरं होतं. पण भट्टीचा सेन्सर अपूर्णांक सांगतच नव्हता. एकशेऐंशीच्या पुढचं, एकशेएक्याऐंशीच्या अलीकडचं सगळं त्याच्या लेखी एकशेऐंशीच. एका दुपारी आकडा तासन्‌तास तिथेच बसून राहिला, गॅस चालूच, आणि अख्ख्या पाळीच्या केबिनांवर रंगाचे फोड आले.

"ही मर्यादा तपासली कुणी?" आमच्या मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावून विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "यांना विचारलं होतं मी."

"टिपणात कुठाय?" तो माझ्याकडे वळला.

"मला असं काही आठवत नाही," मी म्हणालो.

आठवत होतं. शब्दन् शब्द. दोन महिन्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. मी ते चिन्ह घातलं आणि शेजारी शेरा लिहिला: किरकोळ दुरुस्ती.

नऊ वर्षं झाली. मुलीच्या वहीत ते चिन्ह दिसलं तरी उठून गॅलरीत जातो. बायको म्हणते, "काय हो, आता गणिताचीही भीती वाटायला लागली?"

गेल्या रविवारी तांबरमला त्या बाईंच्या घरी गेलो. आता त्या शिकवण्या घेतात. सगळं सांगून टाकलं. त्यांनी कॉफी पुढे सरकवली.

"हे मला माहीत आहे, सार. माझ्यासमोरच झालं की. मला कशाला सांगता?"

"मग कुणाला?"

"ज्यांना माहीत नाही त्यांना. अजून कुणी नोकरी देताना माझी चौकशी केली तर तुमच्या कंपनीतून 'निष्काळजी' म्हणूनच सांगतात."

तो मॅनेजर आजही माझा वरिष्ठ आहे. माझी बढती त्याच्याच हातात. घरी पोचेपर्यंत धीर सुटेल म्हणून त्यांच्या जिन्यातच उभं राहून त्याला मेल लिहिली, न लिहिलेल्या प्रश्नासकट, आणि प्रत बाईंना पाठवली.

चार दिवस उत्तर नाही. आज सकाळी तो लिफ्टमध्ये भेटला. मजल्याचं बटण दाबून दाराकडे बघत राहिला. दुपारी तीच मेल पुन्हा पाठवली, या वेळी त्याच्याही वरच्यांना.