लाइफ जॅकेटातलं धाडस

बँकेतल्या बदलीने मी आईला घेऊन बनारसला आले आणि बघता बघता इथल्या हिंदी चर्चच्या कमिटीतही शिरले. आमचे पाळकसाहेब महिनाभर एकाच विषयावर गरजत होते: धाडस. येशूचा शिष्य कसा नावेतून उतरून पाण्यावर चालला, आणि आपण कसे नावेतच चिकटून बसतो! मी तर कमिटीत टेबलावर हात आपटला. "किती दिवस घाबरायचं? जरा उघड्यावर या!" बोलायला माझं काय जातंय?

शेवटी ठरलं, रविवारची प्रार्थना गंगेत, नावेवर करायची. घरी आई हरखली. तिचे वडील टाळ घेऊन गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं करायचे. इथल्या हिंदी उपासनेत मात्र ती तीन वर्षं मुकी बसून होती. "एकदा बाबांचं भजन मंडळीत म्हणू दे गं, मग डोळे मिटले तरी चालेल," ती म्हणाली. मी छाती ठोकून सांगितलं, "म्हण की! नावेवर म्हण."

मग आमचे शूर वीर तयारीला लागले. मोटरची नाव, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, उपासनेची पुस्तकं पिशवीत झाकलेली. आणि घाटावरून कुणी हरकत घेऊ नये म्हणून गाणी मनातल्या मनात! कप्पाळ! या ठरावाला मीही हात वर केला, आणि आईला सांगायचं टाळलं. आज लिहितानाही लाज वाटते.

पंचगंगा घाटासमोर नाव थांबली. नारिंगी जॅकेटात कोंबलेले पाळकसाहेब कुजबुजले, "बोलो, कौन उतरेगा नाव से?" सगळे आपापल्या मोबाइलात बघू लागले. तेवढ्यात आईने पिशवीतून टाळ काढले आणि खणखणीत आवाजात भजनाची पहिली ओळ उचलली. पायऱ्यांवरच्या दोन-चार माना वळल्या. माझी पाचावर धारण बसली. मी तिचं मनगट घट्ट दाबलं. "आई, गप्प बस! लोक बघतायत."

ती थांबली.

नावाडी मागे वळला. "अरे, गाने दीजिए माताजी को. यहाँ तो सबेरे से सब गा ही रहे हैं." पायऱ्यांवरची माणसंही पुन्हा आपापल्या आंघोळीला लागली होती. मग काय, आमच्या सगळ्यांनाच जोर चढला. गाइए, गाइए! मीसुद्धा म्हटलं, "म्हण गं आई."

आईने टाळ पिशवीत ठेवले.

"राहू दे रे बाबा," ती नावाड्याला म्हणाली, "माझी पोरगी घाबरते."