हात दाखव

त्या संध्याकाळी विंगेत त्यानं मला हात दाखवले नाहीत.

आमची रीत साधी होती. प्रयोगाआधी पडद्यामागं समोरासमोर उभं राहायचं, दोन्ही तळवे उघडून एकमेकांना दाखवायचे आणि मगच स्टेजवर जायचं. अर्थ इतकाच की आपण काही घेऊन आलेलो नाही. विनोद ठरवून आणलेला नाही, वाक्य पाठ केलेलं नाही, जे व्हायचं ते तिथंच होईल. आमचं नाटकच तसं असतं. त्याला संहिता नसते. प्रेक्षकांकडून एक जागा मागायची, एक वस्तू मागायची, आणि ते देतील त्यावर तिथल्या तिथं प्रवेश उभा करायचा. पुण्या-मुंबईत याला इम्प्रोव्ह म्हणतात. माझी आई 'आयत्या वेळचा तमाशा' म्हणते, आणि तिचं फार चुकत नाही.

या खेळाचा नियम एकच. जोडीदारानं जे दिलं ते नाकारायचं नाही. तो 'डॉक्टर, माझा पाय' म्हणाला की आपण डॉक्टर. 'मी कुठली डॉक्टर' असं म्हटलं की प्रवेश तिथंच मेला. आधी हो म्हणायचं, मग त्यात आपली भर घालायची. "आलेल्या प्रत्येक स्थळाला नाही म्हणतीस, आणि तिथं स्टेजवर कुणालाच नाही म्हणत नाहीस," असं आई म्हणायची. मी चिडायचे.

"हात दाखव," मी म्हणाले.

"चल की अक्का, वेळ झाली," तो म्हणाला. त्याचे हात पँटच्या खिशात होते.

तो माझ्यापेक्षा काही वर्षांनी लहान. घरात तेलुगू बोलतात, म्हणून मी अक्का. घरचा टॉवेलचा कारखाना, म्हणजे एक लांबट शेड आणि त्यात माग. आमच्या तालमी त्या शेडच्या वरच्या खोलीत व्हायच्या. खाली मागांचा खडखडाट इतका की बोललेलं अर्धं ऐकू यायचं नाही. त्यामुळं आम्ही एकमेकांचे ओठ, खांदे, बोटं वाचायला शिकलो. पुढं लोक म्हणायचे, तुमचं दोघांचं काय जमतं हो. जमणार नाही तर काय, ऐकूच येत नव्हतं.

सुरुवातीला चौघं होतो. एक बंगळुरूला नोकरीला गेला, एक लग्न करून पुण्याला. राहिलो आम्ही दोघं. मी शाळेत गणित शिकवत होते आणि संध्याकाळी हे. गावात कुणाला समजावून सांगणं हीच मोठी परीक्षा. एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, संहिता पाठवा, वरती वाचून बघायचीय. मी म्हणाले, संहिता नसते. ते म्हणाले, मग पाठ काय करता? काहीच नाही, असं मी सांगितलं. यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि पाठवतो म्हणाला, आणि खरंच कोरी पानं पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी फोन आला की पानं कोरी आलीत, परत पाठवा. तो कार्यक्रम हातचा गेला, पण आम्ही आठवडाभर हसत होतो.

मंगळवेढ्याच्या बाजूला एका शेतावर हुरडा पार्टीत केलेला प्रयोग मात्र मी विसरणार नाही. वस्तू सांगा म्हटल्यावर मागून आवाज आला, "डीपी!" यानं तिथंच पाय जुळवले, दोन हात वर केले आणि डीपी, म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर, होऊन उभा राहिला, नुसता गुणगुणत. मी वायरमन झाले. तो रुसायचा, मी समजूत घालायची, फेज यायची, परत जायची. माणसं पोट धरून हसली. एक म्हातारबाबा नंतर गंभीरपणे म्हणाले, "आमचा डीपी बी असाच हाय, पर त्येला तुमच्यासारकं कुणी समजावत न्हाय." परत येताना गाडीवर मागं बसून मी मनाशी ठरवलं, की हेच करायचं. शाळा सोडायची.

आणि सोडली. कारण मधल्या काळात पुण्याच्या एका बाईंनी आमच्या प्रयोगाचा व्हिडिओ बघितला होता. त्यांचं छोटं नाट्यगृह आहे. दर महिन्याला एक प्रयोग आणि जोडीला कार्यशाळा, असं त्यांच्या मनात होतं. मात्र त्यांना जोडी हवी होती, आणि ती आधी समोर बसून बघायची होती. त्या दिवशी त्या सोलापुरात तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. माझी शाळा सुटलेली, आईशी बोलणं बंद झालेलं, आणि शेजारी उभा असलेला माझा जोडीदार हात खिशात घालून होता.

महिनाभर तो कुठंतरी हरवलेला होता, हे मला दिसत होतं. मागच्या तालमीला खाली एकही माग चालू नव्हता. "आज बरंय, शांत आहे," मी म्हणाले. तो म्हणाला, "व्हय." मला वाटलं, सुट्टी असेल. विचारलं नाही, कारण डोक्यात फक्त पुणं होतं.

दिवे लागले. आम्ही पुढं झालो. जागा मागितल्यावर कुणीतरी एसटी स्टँड म्हणालं, आणि वस्तू मागितल्यावर एका आजीबाईंनी डबा सांगितला. सोपं होतं. मी चौकशीच्या खिडकीतली बाई झाले. चष्मा नाकावर, तोंड वाकडं. तो प्रवासी.

"बाई, भिवंडीची गाडी कवा हाय?"

"फळ्यावर लिवलंय. वाचता येत न्हाय व्हय?"

"येतंय की. पर कुणी तोंडानं सांगितलं की बरं वाटतं."

लोक हसले. मला हायसं वाटलं. गाडी रुळावर आली असं समजून मी आपली भर घातली. "भिवंडीला काय काढलंय?"

"मेव्हण्याचा कारखाना हाय. सुपरवायझर पायजे म्हणतोय."

भिवंडीला याच्या बायकोच्या भावाचा कारखाना आहे, हे मला माहीत होतं. आम्ही घरचं खरं कधी स्टेजवर आणत नव्हतो. त्याची गरजच पडत नव्हती.

"कवा जायचंय?"

"ऐतवारी."

"आन् परतीची गाडी?"

"परतीची इचारायला आलो न्हाय, बाई."

परत हशा. तो माझ्याकडं बघत होता, आणि मी त्याचे ओठ नाही, खांदे वाचत होते. इतकी वर्षं खडखडाटात वाचलेले खांदे. त्यात खोटं काही नव्हतं. हा प्रवासी नव्हता, हा माझा जोडीदार मला सांगत होता. घरून ठरवून आला होता, म्हणून हात दाखवले नव्हते.

माझं डोकं फिरलं. आणि मी ते केलं जे इतक्या वर्षांत एकदाही केलं नव्हतं. मी नाकारलं.

"गाडी रद्द झालीय," मी म्हणाले. "ऐतवारची. समद्याच."

तिसऱ्या रांगेतल्या बाई जरा पुढं सरकून बसल्या. प्रवेश मेलाच होता. मी खिडकी धाडकन लावल्यासारखी उभी होते, आणि तो बाहेर. त्यानंही अडून बसायचं ठरवलं असतं तर आम्ही दोघं तिथंच बुडालो असतो.

तो हळूच म्हणाला, "मग चालत जातो."

सभागृह हसून हसून पडलं. मला मात्र काही ऐकू येईना. माझा नकारसुद्धा त्यानं घेतला होता आणि त्यात भर घातली होती. नियम त्यानं पाळला, मोडला मी. आता मी 'खरंच जाणार का' असं माझ्या तोंडानं विचारलं असतं, तर नाटक संपलं असतं आणि पुणंही. आणि हो म्हटलं तर तो गेलाच. हशा ओसरत होता, लोक वाट बघत होते. मग डबा आठवला. आजीबाईंचा डबा अजून आलाच नव्हता.

"डबा घेतलाय का?" मी विचारलं.

"न्हाय."

"एवढ्या लांब चालत, आन् डबा न्हाय." मी खाली वाकले आणि खिडकीखालचा माझा डबा काढला. हातात अर्थातच काही नव्हतं. "हा घ्या."

"काय हाय यात?"

"कडक भाकरी. शेंगाचटणी."

"मग तुमी काय खाणार?"

"माझं मी बघते."

कुणी हसलं नाही. त्यानं खिशातून हात काढले आणि दोन्ही हातांनी तो डबा घेतला, जड असल्यासारखा. त्याचे तळवे घामानं चमकत होते. लाईटवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं अंधार केला. टाळ्या बराच वेळ चालल्या होत्या म्हणे.

पुण्याच्या बाई मागं आल्या, तेव्हा आम्ही दोघं दोन टोकांना चहाचे कप धरून बसलो होतो. त्या भारावल्या होत्या. म्हणाल्या, "मला तुम्ही दोघं हवे आहात. पण एक खरं सांगा, ते स्टँडचं आधी बसवलेलं होतं ना? इतकं नेमकं आयत्या वेळी होत नाही."

आमच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी मी म्हणाले, "अर्धं."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धं हा घरून घेऊन आला होता."

मग त्याला बोलावंच लागलं. माग विकले होते. शेड रिकामी होती. रविवारी तो भिवंडीला निघणार होता. हे सगळं त्यानं बाईंना सांगितलं, माझ्याकडं न बघता. बाई 'अरेरे' म्हणाल्या, जोडी हवी होती म्हणाल्या, एकटीचं काय करता येईल ते बघते म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"स्टेजच्या खाली सांगितलं असतं तर तू न्हाय म्हणली असतीस, अक्का. आन् तू न्हाय म्हणलीस की मी थांबलो असतो. स्टेजवर तू न्हाय म्हणत न्हाईस."

"म्हटलं की. गाडी रद्द केली होती मी."

त्यावर तो हसला, आणि मग त्याला हसता येईना. मी मान फिरवून चहा प्यायले. गार झाला होता.

आता मी एकटी करते. पुण्याच्या बाईंनी बोलावलं, रोजची भाकरी सुटेल इतकं नाही, पण बोलावलं. सकाळी गणिताच्या शिकवण्या घेते. प्रयोगात प्रेक्षकांतून कुणाला तरी वर घेते आणि त्याच्याबरोबर प्रवेश करते. काही वेळा छान होतं, काही वेळा तो माणूस पुतळा होऊन उभा राहतो आणि मी घामाघूम होते. स्टेजवर जायच्या आधी तळवे दाखवायला समोर कुणी नसतं, याची मला अजून सवय झालेली नाही.

त्या रविवारी मी त्याला सोडायला गेले होते. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले. ट्रॅव्हल्सची बस संध्याकाळची होती. बायको आणि सामान चढवून तो खिडकीत बसला. बस हलली तशी त्यानं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि तळवे उघडून मला दाखवले. रिकामे होते.

मी माझे हात कुर्त्याच्या खिशातून काढले नाहीत. रिकामे नव्हते ते. मुठी वळलेल्या होत्या, आणि आमच्यात खोटे हात दाखवायची रीत नव्हती.