शेवटच्या चौकोनातला फोन

आमच्या फ्रिजवर लॅमिनेट केलेला एक कागद चिकटवलेला आहे. चौकोन, बाण, पुन्हा चौकोन. येणारा जाणारा विचारतो, "हे काय, ऑफिस घरी आणलंस की काय?" मी म्हणते, हो, आणलं. सगळं सांगत बसायला मला धीर नसतो. आज मात्र सांगते.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, जुना मधुमेह. इन्सुलिन चालू. गेल्या वर्षी दोनदा त्यांची साखर अचानक उतरली. दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं भलतंच. डोंबिवलीजवळ कोपरच्या आमच्या घरात दिवसभर त्या आणि सासरे दोघंच असतात. नवरा नाशिकला कामाला, शनिवारी येतो. मी ठाण्यात कोलशेतच्या एका कारखान्यात, ऑफिसमध्ये. सासरे म्हणजे आमचे बाबा, खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. शंभर माणसं अंगावर धावून आली तरी हे कागद बघून थंडपणे सांगणार, "गाडी पावणेचारला लागेल." पण आईंचा हात थरथरला की यांचे हातपाय गळालेच. करायचं ते सोडून आधी मला फोन. "अगं, ही कशीतरीच करतेय गं!" मी दीड तास लांब. फोनवर साखरेचा डबा कुठे आहे ते सांगता सांगता माझा आवाज चढायचा आणि ते आणखी घाबरायचे. दुसऱ्या वेळी शेजारच्या वहिनी धावत आल्या म्हणून निभावलं. नंतर डॉक्टर म्हणाले, "फोनवर बोलण्यात वेळ घालवू नका. एखाद दिवशी महागात पडेल."

म्हटलं, ज्या माणसाने आयुष्यभर कागद बघून गाड्या सोडल्या, त्याला कागदच देऊया. डॉक्टरांकडून एकेक पायरी लिहून घेतली आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वर्डमध्ये चौकोन काढले. घाम फुटला, हात थरथरतायत? मशीनवर साखर बघा. सत्तरच्या खाली? साखरपाणी द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. ठीक आहे आणि जेवणाची वेळ झालीय? नेहमीचं इन्सुलिन. मध्ये सुंदर निळे बाण. माझं मलाच कौतुक वाटलं.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "अक्षर बारीक आहे गं." झालं! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अक्षर मोठं केलं. मग चौकोन पुरेनात, तेही मोठे केले. साखरपाण्याचा चौकोन वर सरकवला, इन्सुलिनचा त्याच्या जागी आणला. घाईघाईत प्रिंट काढली, गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतली आणि फ्रिजवर चिकटवली.

पुढच्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाल्या, "अगं, हा बाण बघ जरा."

मी नुकती घरात पाऊल टाकत होते, खांद्यावर पर्स तशीच. माझं डोकं तापायला एवढं पुरतं. "आई, एवढं मरमर करून केलंय, त्यातसुद्धा खोट काढायचीच का?"

चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या सासूने कागदावर बोट ठेवलं आणि बाणावरून हळूहळू फिरवलं. "साखर सत्तरच्या खाली. बाण कुठे जातोय? इन्सुलिनकडे. आधीच साखर तळाला, त्यात वरून इन्सुलिन. मग काय, फोटोला हार आणायला तुम्ही मोकळे."

चौकोन हलले होते आणि बाण होते तिथेच राहिले होते. मी बाबांकडे बघितलं. म्हटलं, "बाबा, तुमच्या लक्षात आलं असतंच ना?" ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "नाही गं. लिहिलंय म्हटल्यावर मी तसंच केलं असतं."

मी तिथेच फ्रिजसमोर बसले आणि रडले. आईंची माफी मागितली, बाणाबद्दलही आणि तोंड सोडलं त्याबद्दलही. "रडतेस काय," त्या म्हणाल्या, "उद्या नीट काढ. आणि आता चहा टाक."

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये तेच चित्र उघडून बसले होते. चौकोन हलवला की बाण मागे, बाण ओढला की तो वाकडा. मी कॉम्प्युटरला शिव्या घालत होते, त्या आमच्या स्टोअरच्या काकांनी ऐकल्या. काका कोलशेत गावचेच, वाडवडील मिठागरात राबलेले, स्वतः निवृत्तीला टेकलेले. माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "बाय, यो बाण तू नुसता ठेवलास. बांधलास कुठं?"

मग खुर्ची ओढून त्यांनी शिकवलं. आधी ड्रॉइंग कॅनव्हास, म्हणजे चित्रासाठीची एक रिकामी चौकट, घ्यायचा, सगळे चौकोन त्याच्या आत काढायचे. मग जोडणारी रेघ घ्यायची आणि तिचं टोक चौकोनाजवळ न्यायचं. चौकोनाच्या कडांवर ठिपके उमटतात, त्यातल्या एकावर टोक टेकवून सोडायचं. "आता वढ चौकोन." मी ओढला. बाण त्याच्या मागोमाग आला, गाईमागे वासरू यावं तसा. इतकी वर्षं मी वर्ड वापरत होते आणि हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी काकांनी अर्धा तास माझ्याजवळ काढला, त्यांचा डबा तसाच राहिला. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. हे त्यांना मी तोंडावर सांगितलं तर म्हणाले, "गप गं."

नव्या कागदावर आईंनी प्रत्येक बाणावरून दोनदा बोट फिरवलं, मगच तो फ्रिजवर लागला. बाबा सगळं सोडून आधी मला फोन करतात म्हणून शेवटचा चौकोन मी जरा रागानेच टाकला होता. त्यात लिहिलं होतं, 'सगळं ठीक झालं की सुनेला फोन करा.'

दोनेक महिने गेले. एका दुपारी ऑफिसमध्ये बाबांचा फोन आला. "काय झालं? आई कुठेयत?" मी एवढ्याने ओरडले की काकांनी स्टोअरमधून मान बाहेर काढली.

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. आवाज अगदी डेपोतला. "साखर बावन्न होती. साखरपाणी दिलं. पंधरा मिनिटांनी बघितली, अठ्ठ्याऐंशी. दोन बिस्किटं दिली. आता शेवटच्या चौकोनात आलोय. तुला फोन करायचा लिहिलंय, म्हणून केला."

तेवढ्यात मागून आईंचा खणखणीत आवाज आला. "तिला सांगा, येताना कोथिंबीर आण म्हणावं. आणि बघून आण, मागच्या वेळची पिवळी होती."

"आणते, आई," मी म्हटलं. "दहा जुड्या आणते."