बाहीचा वास

“आधी हात दाखवा.”

प्रयोगशाळेच्या दारात अण्णा उभे असायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवायचे. आपण हात पुढे करायचे, ते वाकून दोनदा हुंगायचे आणि निकाल द्यायचे. “सरी, आत जावा.” नाहीतर, “बेडा अक्का, आज बेडा. चंदनाचा साबण लावून आलाय तुम्ही. बाहेरच बसा.”

तुम्ही म्हणाल, काय हा जाच! मीही पहिल्या दिवशी भांडले होते. पुण्याहून बंगळुरूला आलेली, चार बुकं शिकलेली बाई मी, आणि हा पन्नाशीचा मदतनीस मला हुंगून परत पाठवतो? पण आमचं कामच तसं होतं. डासांना माणसाचा वास कसा कळतो, ते आम्ही बघत होतो. कुणाच्या हाताचा साबण, केसांतला मोगरा, डब्यातली लसणाची चटणी, सगळं डासांच्या नाकाशी पोचायचं. माझी नोकरी म्हणजे व्हिडिओ बघून डास मोजायचे. आई फोनवर विचारायची, “एवढी शिकलीस ती डास मोजायला?” मी म्हणायचे, “मोजायलाच. मारायची परवानगी नाही, हेच तर दुःख आहे.”

अण्णांचं घराणं तीन-चारशे वर्षांपासून इथलं. घरात मराठी, पण ते वाटेत इतक्या ठिकाणी कानडी होऊन यायचं की मी गोंधळायचे, आणि माझं मराठी त्यांना फार धावतंय असं वाटायचं. “स्वल्प सावकाश बोला की अक्का.” बसवनगुडीहून ते रोज मेट्रोने यायचे. साबण फक्त रविवारी. “डब्यात गर्दी असली तरी मला जागा मिळते,” असं ते मोठ्या अभिमानाने सांगायचे.

डास त्यांनीच वाढवलेले. अंडी पाण्यात सोडायची, अळ्यांना माशांचं खाद्य बारीक करून घालायचं, सगळं तेच करायचे. कुणी नवीन आलं की शिकवायचे, “डासाचं नाक मिशीत असतं. आणि चावतात त्या फक्त बायका. त्यांच्या मिश्या बारीक, पण नाक भलतं तिखट.” बायका हसल्या की तेही हसायचे.

प्रयोग साधा होता. काचेची एक नळी, पुढे जाऊन तिला दोन फाटे. माणसाने दिवसभर हातावर नायलॉनची बाही घालायची, मग ती बाही एका फाट्याच्या टोकाला ठेवायची. दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कुणाची. मागून वीस डास सोडायचे आणि कुठे जातात ते बघायचं. आमच्या सगळ्यांच्या बाह्या एकमेकींशी लढवून झाल्या, आणि एका बाहीने सगळ्यांना हरवलं. ती अण्णांच्या लेकीची होती.

लेक बालवाडीत शिकवायची. एकदा अण्णांचा विसरलेला डबा घेऊन आली, तेव्हा दारात तिने स्वतःच हात पुढे केले. “घ्या अप्पा, हुंगा. तुमच्या डासांची लाडकी आली.” अण्णा हसले नाहीत. आदल्या वर्षी तिला डेंग्यू होऊन गेला होता आणि दुसऱ्यांदा झाला तर जड जाऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून अण्णांचं एकच चाललेलं. दर शुक्रवारी, आमचं काम संपलं की, लेकीची बाही एका बाजूला आणि स्वतःची दुसऱ्या बाजूला. आज तिने कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ केली, आज दूध सोडलं, आज मेथ्या खाल्ल्या. डास आपले तिच्याकडेच.

आमच्याकडे असेही डास होते ज्यांच्या नाकातली वास ओळखायची एक सोय बंद केलेली होती. अण्णांनी फार आशेने ते सोडले. तेही थोडे घुटमळले आणि तिच्याकडेच गेले. मी समजावलं, “अण्णा, त्यांना दहा वाटा आहेत. एक बुजवली तर दुसरीने येतात.”

“मग दहाही बुजवू की.”

कपाळ!

आणि मग एका शुक्रवारी डास अण्णांच्या बाजूला गेले. विसातले पंधरा. लेक महिनाभर काडेचिराइताचा काढा घेत होती. “आयतु, अक्का! झालं!” म्हणत अण्णांनी माझे दोन्ही हात धरले. खाली जाऊन म्हैसूरपाक आणला, पहारेकऱ्यालासुद्धा दिला. लेकीला फोन लावला. “आता ते चिकट मलम लावायला नको. पुरे बाह्यांचे कपडे नको. मोकळी हो.”

संध्याकाळी मी व्हिडिओ बघितला. स्वतःच्या बाजूचं झाकण बसवताना अण्णांच्या एका हातात हातमोजा नव्हता. लेकीचा फोन आला म्हणून एक मोजा काढला होता आणि तसंच उघड्या हाताने झाकण दाबलं होतं. जगाचे हात हुंगणाऱ्या माणसाने! डास झाकणाला लागलेल्या त्या ताज्या घामाकडे गेले होते. काढ्याचं काहीच नव्हतं.

मी लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माणूस एवढा आनंदात मी कधी बघितला नव्हता, म्हटलं दोन दिवस राहू दे. सोमवारी सुट्टी आली. मंगळवारी सांगितलं. अण्णांनी व्हिडिओ पुन्हा लावून बघितला, म्हणाले, “सरी,” आणि फोन घेऊन बाहेर गेले.

पुढच्याच आठवड्यात लेकीला ताप भरला. त्या चार दिवसांत डास चावला की आधी, की नंतर, कोण सांगणार? मी स्वतःला हजारदा विचारलंय. बारा दिवस ती दवाखान्यात होती. तेराव्या दिवशी अण्णांनी मला फोन केला आणि नुसतं म्हणाले, “गेली, अक्का.”

मी शुक्रवारीच बघितलं होतं, हे मी त्यांना कधीच सांगू शकले नाही.

महिन्याने ते आले, नोकरी सोडायला. आमच्या फ्रीजरमध्ये लेकीची शेवटची बाही होती, पिशवीवर अण्णांच्या अक्षरात तिचं नाव. “एकदा लावू या,” म्हणाले. मी नको म्हणायला हवं होतं, पण म्हणवलं नाही. त्यांनी हात धुतले, दोन्ही मोजे चढवले आणि माझ्यासमोर हात धरले. “बघा अक्का. नीट बघा.” मला त्या हातांकडे बघवेना.

डास सोडले. एकही चुकला नाही. वीसच्या वीस तिच्या टोकाला जाऊन जाळीवर बसले आणि आत सोंड खुपसू लागले.

अण्णांनी मोजले. झाकण काढलं, बाही हातात घेतली, चेहऱ्याशी नेली आणि दोनदा हुंगली. मग आणखी एकदा. मग मोजे काढून, बाही नाकातोंडावर दाबून.

“मला कसलाच वास येत नाही, अक्का,” ते म्हणाले. “एवढ्याशा किड्याला येतो. मी बाप आहे, मला येत नाही.”

ती बाही त्यांनी परत पिशवीत घातली, फ्रीजरमध्ये ठेवली आणि गेले. पुन्हा आले नाहीत. दारात आता कुणी नसतं. मी साबण लावून जाते, तरी कुणी परत पाठवत नाही.