बाजाराच्या दिवशीची सही

कोर्टानं तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसांवर देखरेख ठेवायची, ही माझी जालन्यातली नोकरी. त्यातला एकजण परतूर तालुक्यातला, ट्रॅक्टर चालवणारा. नशेत त्यानं बायकोचं मनगट मोडलं होतं. कोर्टाची अट अशी की दारूला शिवायचं नाही आणि दर आठवड्याला माझ्यापुढं येऊन सही करायची.

सहीसाठी मी बाजाराचा दिवस ठरवला. त्या दिवशी गाड्या मिळतात, माणसाची वेगळी खेप होत नाही. स्वतःच्या शहाणपणावर मी भलतीच खूश होते. बाजाराच्या गावी ग्रामपंचायतीच्या खोलीत तो सकाळी अकराला यायचा, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. सहीआधी मी त्याला तोंडानं फुंकर मारायला लावायचे. माझ्या नाकाला कोणी फसवू शकत नाही, असं ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचे. वास कधीच आला नाही.

बायकोही बाजाराला बरोबर यायची. एकदा सही करून तो बाहेर गेला, तशी ती दारात घुटमळली.

"मॅडम, सही सांजच्याला घ्या ना. तुमची सही होईस्तोवर थेंब घेत न्हाईत. मंग बाजारात बसतात अन् घरी येऊन..."

"मी आत्ताच वास घेतलाय," मी तिचं बोलणं तोडलं. "एक खाडा नाही त्याचा. तूच असा संशय घेत राहिलीस तर तो सुधारणार कसा?"

शिवाय ऑफिसची गाडी दोनला परत निघायची. ते मी तिला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या बाजाराला सही करून तो गुत्त्यावर गेला आणि दुपारी घरी येऊन त्यानं ट्रॅक्टरच्या पान्यानं तिला मारलं. तिचा एक डोळा गेला. त्याला पोलिसांनी नेलं. मी दवाखान्यात गेले तेव्हा तिचं अर्धं तोंड पट्टीत होतं. मला बघून ती रडलीसुद्धा नाही.

"मी सांगितल्तं, मॅडम."

"हो," मी म्हणाले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

आता मी सह्या संध्याकाळी घेते, ज्याच्या त्याच्या दारात जाऊन, आणि आधी घरच्या बाईशी बोलते. परतताना एसटी मिळेल ती पकडते. तिचं गाव त्याच रस्त्यावर आहे. तिथं उतरून तिला हे सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.