पट्टी घेतली, पिंपं तिथेच राहिली

मंडळी, आज सकाळी बोईसरच्या बाजारात जनाबाई भेटल्या.

नव्वदच्या सुमारास मी त्यांच्या गावचा ग्रामसेवक होतो. कुणीतरी रसायनांची पिंपं त्यांच्या विहिरीशेजारी टाकली आणि पाणी पिवळं पडलं. मी वर पत्रं लिहिली. ‘अशा सफाईसाठी निधीची तरतूद नाही,’ असं उत्तर आलं. त्याच आठवड्यात मी त्यांच्या दारात घरपट्टी मागायला उभा होतो.

त्यांनी पैसे दिले. म्हणाल्या, “पट्टी घ्या भाऊ, पण पिंपा कवा उचलनार?”

“सरकारकडून पैसे आले की,” असं म्हणत मी पावती फाडली.

आज त्यांनीच मला ओळखलं. “पैसे नाय आले, भाऊ. इहीर आमीच बुजवली.”

आवाजात राग नव्हता.

त्या दिवशी पट्टी न घेता मी परत फिरायला हवं होतं का?